चार वाजताचं भूत

होन्नबंडे कँप, जि. रायचूर
३ नोव्हेंबर १९९६

रेणुकाताई,

जयभीम.

पत्र लिहायचं मी मुद्दाम टाळलं. आंतर्देशीय सप्टेंबरातच घेतलं होतं. खिशात ठेवून ठेवून त्याच्या घड्या फाटल्या, मग गेटवरच्या मस्तानभाईने त्यात सुपारी बांधली. वेळ नव्हता असं खोटं कशाला लिहू? राग होता. अजून आहे. तू दारात उभी राहून, आजीसमोर, शेजारच्या वंदनाकाकूंसमोर म्हणालीस, "पळपुटा आहेस तू, विकी. शाळेतून पळालास, दिलसुखनगरच्या कंप्युटर क्लासमधून पळालास, आता घरातून पळ." म्हटलं, हौ, पळतो. पळालो.

तर ऐक, कुठं आलोय ते. आशिषभय्याने नोकरी दिली. तोच, बरकतपुऱ्याचा, ज्यांच्याकडे आजीने तीस वर्षं भांडी घासली त्या भगवंतरावांचा नातू. हैदराबादेत सगळ्यांनी नवं काहीतरी काढलंय. कोण पेजर विकतो, कोण घराघरात केबल ओढतो. आशिषभय्या भूत विकतो. खरंच. इथं निजामाच्या काळात सोन्याची खाण होती. सोनं निघालं म्हटल्यावर चहूकडून माणसं धावली, हजारोंनी. मग सोनं संपलं, माणसं गेली, आणि बंगले, दवाखाना, क्लब सगळं जागच्या जागी राहिलं. पत्रे तेवढे लोकांनी काढून नेले. क्लबात आता शेळ्या बांधतात. बिलियर्डच्या टेबलाची गुळगुळीत फरशी गावातल्या पद्मावतीअम्मांनी ओढ्यावर नेऊन टाकलीय, त्यावर त्या कपडे आपटतात. म्हणतात, असला दगड देवळातसुद्धा नाही. मी पण परवा माझी पँट तिथंच धुतली. काय निघते गं ताई, पांढरी.

हां, भूत. भगवंतराव तरुणपणी या खाणीवर हजेरी लिहायचे, तर ही त्यांच्या घरातलीच गोष्ट आहे. एक हावरट बाई होती. तिचा नवरा खाणीतलं सोनं चोरून फरार झाला, तिला न सांगता. ती शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या खड्ड्याच्या तोंडाशी बसून "दौलत! दौलत!" करून ओरडत राहिली, वेडी झाली, मेली. अजून ओरडते म्हणे. गावातले लोक संध्याकाळचे तिकडून जात नाहीत. आमचं भूत मात्र चारलाच निघतं, कारण पाचला भूत बघायला आलेल्यांची बस परत जाते, रस्ता खराब आहे.

आता सांग, बाईचा आवाज कोण काढत असेल? मी! इंजिनघराच्या भिंतीआड उभा राहतो, तोंडापुढे घमेलं धरतो आणि गळा चिरकवून हाक मारतो. ती हाक खाली जाते, कुठंतरी आपटते, आणि परत येते, "लत... लत..." जसं कुणी आतून ओ देतंय. पब्लिक गार! मग टाळ्या. शाळेत कुणी माझ्यासाठी टाळी वाजवली होती का?

आजीला वाचून दाखव. हसेल.

तुझा पळपुटा,
विकी


तारनाका, सिकंदराबाद
११ नोव्हेंबर १९९६

विकी,

दोन महिने. दोन महिने आजी रोज दुपारी बाराला दारात येऊन बसते, पोस्टमन गेला की आत जाते आणि संध्याकाळी मला म्हणते, "नसंल मिळालं त्याला पोस्टाचं आपिस." आणि तुझं पत्र सुपारीत होतं! लाज वाटत नाही लिहायला?

मी दिवसभर रेल्वेच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज लावते. मला एक दिवसाची रजा मिळत नाही. आणि तू बायकी आवाज काढून टाळ्या घेतोस. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. आजीने तुला कशाकशातून वाढवलं ते तुला कुणी सांगायला पाहिजे का?

वाचून दाखव म्हणालास, दाखवलं. हसली नाही. शेंगा फोडत होती, हात थांबला. म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. म्हणाली, "तो आवाज कोण काढतं म्हणला?" मी म्हटलं, हाच, आपला विकी. "आपला विकी?" असं दोनदा विचारलं. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसली. दोन दिवस धड जेवली नाही. तुझ्या काळजीने म्हातारी अन्न सोडते आणि तुला तिकडे पँटी पांढऱ्या करायच्या आहेत.

त्या बरकतपुऱ्याच्या घराचं नाव पुन्हा तिच्यासमोर लिहू नकोस. भगवंतराव म्हटलं की ओठ मिटून घेते. मला वाटायचं, कामाच्या जुन्या आठवणी असतील.

तिने एकच विचारलंय. तिथं शाफ्टजवळ चिंच आहे का, आणि चिंचेला लोखंडी कडं आहे का? काय कडं, कसलं कडं, मला काही सांगत नाही. बघ आणि लिही. या वेळी सुपारी बांधायच्या आधी.

रेणुका


होन्नबंडे कँप
२० नोव्हेंबर १९९६

ताई,

जयभीम.

तू पत्र लिहितेस का मेमो देतेस? सगळं माझंच. आजी जेवली नाही, माझ्यामुळे. तुला रजा नाही, माझ्यामुळे. इथं मी पहिल्यांदा एका जागी अडीच महिने टिकलोय, त्याचं एक अक्षर नाही. आईची आठवण काढून मारायची तुझी सवय जाणार नाही. मी सात वर्षांचा होतो, मला तिचा चेहरापण धड आठवत नाही, ते तरी माझ्यावर ढकलू नको.

कडं आहे. आता मला हे सांग, आजीला कसं ठाऊक? मी त्याच चिंचेखाली रोज बिडी ओढतो, मला दिसलं नव्हतं. मस्तानभाईला विचारलं, तो म्हणाला, "चिंचेला कडं? नै मियाँ." मग हात लावून लावून शोधलं. झाडाने गिळलंय ते. साल चढून चढून अंगठ्याएवढं लोखंड बाहेर राहिलंय, माझ्या कमरेच्याही खाली. बहुतेक घोडा बांधत असतील साहेब लोक. आजीने बरकतपुऱ्यातच ऐकलं असेल, तिथल्या गप्पांत. सांग तिला, आहे म्हणून.

मस्तानभाईची गोष्टच वेगळी आहे. तो उर्दू, कन्नड, तेलुगू तिन्ही वाचतो आणि पगार मात्र गेट उघडायचा घेतो. मी म्हटलं, तुम्ही मास्तर व्हायला हवे होते. म्हणाला, शेळ्यांना पण हेच वाटतं.

बरं, खरी बातमी. एक जानेवारीला मोठा कार्यक्रम आहे. हैदराबादेहून तीन बस आणि पेपरवाले येणार. आशिषभय्याने माझा आवाज कॅसेटवर घेतलाय, भोंग्यावर लावायला. कार्यक्रम झाला की मी कायम, वर लूना. आणि गेटवर बोर्ड लागलाय, बारा फुटी. रायचूरचा पेंटर आला होता. त्याला हडळ काढायला नमुना हवा होता, तर मलाच लुगडं नेसवून उभं केलं. जीभ त्याने मनाने काढली, दागिने पण. पण हनुवटी थेट माझी, म्हणजे आजीचीच, मी तिच्यावरच गेलोय ना. बघून मला हसू आवरेना. फोटो निघाला की पाठवतो.

विकी


तारनाका
२ डिसेंबर १९९६

विकी,

बसून वाच. आणि एकटा वाच.

आपल्या आईच्या वडिलांचं नाव काय? सांग बघू. मलाही सांगता आलं नसतं. आई मामांच्या घरी वाढली, शाळेत मामांचंच नाव लागलं. घरात फोटो नाही. आजी कधी बोललीच तर म्हणायची, "तुमच्या आईचा बाप." आजीने दीक्षा घेतली, देव्हारा उचलून मुसी नदीत सोडला, उपास सोडले, कुणाच्या पाया पडणं सोडलं. नवऱ्याचं नाव न घेणं तेवढं सोडलं नाही. मी कितीदा चेष्टा केली असेल. ती म्हणायची, "तुला काय ठावं."

मी तुझं पत्र वाचत कड्यापाशी आले तशी ती म्हणाली, "कमरेच्या खाली ना? असंच व्हतं." मग म्हणाली, "आधीचं पत्र आण." त्यातली भुताची ओळ वाचायला लावली. 'दौलत' शब्द आला आणि तिने हात वर केला.

"हेच."

"काय हेच?"

"हेच नाव."

मग ती बोलायला लागली, तिच्या शब्दांत लिहिते, मला दुसरे सुचत नाहीत.

"सकाळी भाकर बांधून दिली. कालवणात मीठ नाही म्हून भांडून गेला. खाली उतरताना मी ह्या डोळ्यांनी बघितला. दुपारी भोंगा झाला, आत छत बसलं म्हणले. साऱ्या बायका पळाल्या. सहा माणसं काढली, मेलेली. माझा नाही. मी म्हणलं, अजून एक हाय. तर कंपनी म्हणली, तो या पाळीला नव्हताच, सोनं घेऊन पळाला. भगवंतरावानं हजेरीत लिहिलं, फरार. फरार म्हणलं की खणायला नको. नऊ दिवस मी त्या चिंचेपाशी बसले. तुझी आई दोन वर्षांची, रांगत रांगत खड्ड्याकडं जायची, म्हून पदरानं त्या कड्याला बांधून टाकलं. आणि हाका मारल्या. नाव घेऊनच मारल्या. आत हजार माणसांचा खड्डा, 'अवं' म्हणलं तर कोण ओ देणार? धाव्या दिवशी दगड टाकून आतली ती वाट बुजवली. तवापासून नाव घेतलं नाही. ज्याला ओ द्यायची त्यानं दिली नाही, आता कुणासाठी घेऊ?"

ती बाई हावरट नव्हती, विकी. मेली नाही. वेडी झाली नाही. ती इथं माझ्यासमोर शेंगा फोडतेय.

मी विचारलं, मग त्याच माणसाच्या घरी तीस वर्षं भांडी का घासलीस? म्हणाली, "ज्यानं लिहिलं त्यालाच खोडता येतं. वाटलं, म्हातारपणी तरी म्हणंल, भागू, तो आत होता." तो म्हणाला नाही. उलट ओसरीवर नातवंडं जमवून हीच गोष्ट सांगायचा, आवाज काढून, आणि ही मागे राख घेऊन त्याचीच कढई घासत ऐकायची. तीस वर्षं ऐकली. म्हणाली, "त्याच्या तोंडून ऐकायची सवय झाली व्हती. विकीच्या तोंडून ऐकंन असं वाटलं नव्हतं."

तुला पळपुटा म्हटलं त्या दिवशी आजीने माझ्याकडे असं पाहिलं होतं की मी समजलेच नाही. तो शब्द मी मागे घेते. या घरात कुणी पळालं नव्हतं. पण बाकीचा राग मागे घेत नाही. तू तिच्याच जागेवर उभा राहून, तिचीच हाक मारून, टाळ्या घेतल्यास. तुला ठाऊक नव्हतं, हे मला कळतं. कळून राग जात नाही.

तो बोर्ड उतरव. मग घरी ये. न उतरवता आलास तर मी दार उघडणार नाही.

आजी दोन दिवस विचारतेय, गौळीगुड्याच्या स्टँडवरून रायचूरची पहिली बस कधी सुटते. तुला शेंगांची चटणी पाठवायची असेल. मी पाठवू देणार नाही.

रेणुका


होन्नबंडे कँप
१५ डिसेंबर १९९६, रविवार, दुपारचे तीन

ताई,

तुझं पत्र मिळून सहा दिवस झाले. पहिले दोन दिवस मी काहीच केलं नाही. चिंचेपाशी जायचो आणि ते कडं बघायचो. आईचा चेहरा आठवत नाही म्हणालो होतो ना तुला. आता दोन वर्षांची पोरगी दिसते, पदराला बांधलेली. ती हाका मारत होती का गं? हे आजीला विचारू नको. मी तीन महिने तिथं बिडीची थोटकं विझवली.

मग आठवलं. तिकिटाच्या खोलीत काचेच्या पेटीत एक जाड वही ठेवलीय, खाणीची जुनी हजेरी. आशिषभय्याने घरून आणली, शोभेला. पब्लिक बघतं आणि पुढे जातं, कारण उर्दूत आहे. मी पण रोज तिची काच पुसायचो. मस्तानभाईला म्हटलं, वाचा. त्याने चष्मा लावला, पानं उलटली, एकेक नाव बोटाने. बराच वेळ गेला. मध्येच एका पानावर कुणाच्या तरी नावापुढे बैल चावला असं लिहिलं होतं, त्यावर आम्ही हसलो, बैल कसा चावेल? मग त्याचं बोट थांबलं.

"दौलत वल्द लिंबाजी," तो म्हणाला. "सुबह की पाळी. हाज़िर."

"आणि पुढे?"

"हाज़िर पे लकीर मारे. बाजू में फरार लिखे. स्याही अलग है, मियाँ."

ताई, कळलं का? सकाळी हजर लिहिला होता. खाली उतरताना लिहिला होता, त्याच हाताने. संध्याकाळी खोडला. आजी तीस वर्षं वाट बघत होती की तो खोडेल. त्याने आधीच खोडलं होतं, पण आजोबांना.

काल सकाळी आशिषभय्या आला. मी वही उघडून समोर धरली, सगळं सांगितलं. मला वाटलं, खाली बघेल. त्याचे डोळे चमकले.

"भागूबाई? आमची भागूबाई? अरे, जबरदस्त! जिवंत आहे ना? एक तारखेला आणू तिला. खुर्ची देऊ, शाल देऊ, पेपरवाले वेडे होतील."

"बोर्ड उतरवा आधी."

"विकी, डोकं वापर. बोर्डामुळे तर लोक येतात. गोष्ट ती गोष्ट. आजोबा आमचे देवमाणूस होते, नोकरी करत होते बिचारे. कंपनी सांगेल ते लिहायचं."

"मग तुम्ही लिहा. तुमच्या हाताने. तो आत होता म्हणून."

"कशावर लिहू? ॲन्टिक आहे ती वही, खराब होईल."

हे ऐक ताई, खराब होईल! मी त्याची कॉलर धरली. मस्तानभाईने सोडवलं. नाहीतर आज हे पत्र ठाण्यातून आलं असतं.

काल चारला मी भिंतीआड गेलोच नाही. बसच्या लोकांसमोर उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं, भाकरी, मीठ, कडं सगळं. दोन बायका चिंचेपाशी जाऊन कड्याला हात लावून आल्या. एक चष्मेवाला ओरडला, "ये सब ठीक है, भूत कहाँ है?" म्हटलं, तारनाक्याला, रेल्वे क्वार्टरमध्ये, शेंगा फोडतंय. तो म्हणाला, पैसे परत द्या. आशिषभय्याने त्याला पेप्सी पाजून बसवला आणि मला म्हणाला, "उद्यापासून तुझी गरज नाही. तुझा आवाज आहे माझ्याकडे."

कॅसेट. ते मी विसरलोच होतो. मी गेलो तरी माझा गळा इथं रोज चारला ओरडणार होता.

तर आज सकाळी मी कॅसेट काढली, तिची फीत सगळी उपसली आणि तोंडावरच्या जाळीतून शाफ्टात सोडली. मग बोर्ड उतरवला. बारा फूट, एकट्याने, पाना नव्हता तर दगडाने नटबोल्ट तोडले. अंगठ्याचं नख गेलंय, म्हणून अक्षर असं. आता बोर्ड चिंचेखाली उपडा टाकलाय आणि त्यावर बसून लिहितोय. वही शर्टाच्या आत आहे. आशिषभय्या गावात माणसं आणायला गेलाय. चारच्या आत बोर्ड परत चढला नाही तर पोलिसात देतो म्हणाला, चोरीबद्दल. म्हणजे मी पण सोनं घेऊन पळालेला. लिहू दे. मी इथून हलणार नाही. तुला काय वाटतं, पळेन? तू म्हणालीस बोर्ड उतरव आणि ये. बोर्ड उतरवला. येत मात्र नाही. मी आलो तर तो परत चढेल.

आजीला सांग, वहीत 'हजर' आहे. एवढंच सांग. बाकी मी आल्यावर

थांब, मस्तानभाई पळत येतोय. मला वाटलं, आली माणसं. पण तो एकटाच आहे, हातात किल्ल्या तशाच, आणि हसतोय का रडतोय कळत नाही. म्हणतो, लिंगसुगूरच्या बसमधून एक बुढ्ढी उतरलीय, एकटी, पांढरं लुगडं, काखेत चटणीचा डबा. गेट धरून उभी आहे. त्याने विचारलं, "क्या होना, अम्मा?"

ती म्हणाली, "दौलत."

त्याला हसू आलं. म्हणाला, इथं कुठली दौलत, अम्मा, सोनं कधीच संपलं.

तर ती म्हणाली, "'क्या' नै रे. 'कौन' पूछ."